गोल फोटो आणि आजीच्या खांद्यावरचा हात

वंशवृक्षाचा तक्ता करायचं ठरलं तेव्हा बाबांनी यादी काढली. 23 माणसं, प्रत्येकाचा फोटो गोलात, खाली नाव. तक्त्याची पार्श्वभूमी फिकट पिवळी, जुन्या कागदासारखी. फोटो गोल कापायचं काम मी अंगावर घेतलं, कारण जुने फोटो स्कॅन करून जपणारी घरात मीच आहे.

माझ्याकडे गिंप हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर होतं. मोफत मिळतं, 1996 पासून चालत आलंय, आणि गोल कापायला लागणारं सगळं त्यात आहे. 'ई' दाबलं की लंबगोल निवडायचं टूल हातात येतं. पहिल्यांदा ओढलं तर अंड्यासारखा आकार आला. नेमकं वर्तुळ हवं असेल तर शिफ्ट दाबायचं, पण कधी दाबायचं यालाही महत्त्व आहे. आधी माउस ओढायला सुरुवात करायची आणि मग शिफ्ट दाबून धरायचं. ओढण्याआधीच दाबलं, तर ते आधीच्या निवडीत नवी निवड जोडायला बघतं. मी पुढे तो प्रकारच सोडला. टूलच्या पर्यायांत 'फिक्स्ड'वर खूण करून गुणोत्तर 1:1 लिहून टाकलं. मग कसंही ओढा, वर्तुळच येतं.

वर्तुळ काढलं, कंट्रोल आणि आय दाबून निवड उलटी केली, डिलीट दाबलं. कोपरे गेले, मधे गोल चेहरा. छान दिसत होतं. फाइल तक्त्यावर आणून ठेवली, तर पिवळ्या कागदावर पांढराशुभ्र चौकोन आणि त्याच्या पोटात गोल.

इथे मला पहिल्यांदा कळलं की गोल फाइल असं काही नसतंच. चित्राची फाइल म्हणजे पिक्सेलच्या ओळी आणि रकाने, ती कायम आयतच असते. गोल दिसतं ते कोपरे पारदर्शक असतात म्हणून. आणि स्कॅन केलेल्या जेपेगमध्ये पारदर्शकता नोंदवायला जागाच नसते. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा एवढीच माहिती. अशा लेयरवर, म्हणजे चित्राच्या थरावर, डिलीट दाबलं की पिक्सेल पुसले जात नाहीत, पार्श्वभूमीच्या रंगाने भरले जातात, आणि तो रंग माझ्याकडे पांढरा होता. उपाय एका ओळीचा आहे, मेनूत जाऊन: लेयर, ट्रान्सपरन्सी, ॲड अल्फा चॅनल. अल्फा चॅनल म्हणजे पारदर्शकता नोंदवायची जागा. त्यानंतर डिलीट केलं की कोपऱ्यांत राखाडी चौकड्या दिसतात. त्या चौकड्या म्हणजेच पारदर्शकता.

तरीही पुढची फाइल पुन्हा पांढऱ्या कोपऱ्यांची निघाली, कारण हाताच्या सवयीने ती जेपेग म्हणून एक्स्पोर्ट केली होती. जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही. पारदर्शकता जपणारं पीएनजीच हवं. आणि साध्या 'सेव्ह'ने गिंप एक्ससीएफ, म्हणजे लेयरसकट सगळं काम जपणारी स्वतःची फाइल करतं; पीएनजी हवी असेल तर 'एक्स्पोर्ट ॲज'. ती एक्ससीएफ मात्र टाकून देऊ नये, खाली त्याचं कारण येईलच.

सहा फोटो कापून झाले आणि मी ते बाबांना दाखवले. काकांचा फोटो बघून ते म्हणाले, "अगं, याचं कपाळ गेलं की. थोडं वर घे ना." बरोबरच होतं. पण मी कोपरे पुसून फाइल बंद केलेली, त्यामुळे वर घ्यायला त्या फाइलमध्ये काही उरलंच नव्हतं. मूळ स्कॅनपासून पुन्हा सुरुवात.

त्या दिवसापासून मी डिलीट वापरलेलं नाही. वर्तुळ निवडायचं, निवड उलटी न करता लेयर मास्क जोडायचा, आणि मास्क कशावरून करायचा असं विचारलं की 'सिलेक्शन' सांगायचं. मास्क म्हणजे फोटोवर ठेवलेला काळा-पांढरा कागद समजा: पांढरं असेल तिथे फोटो दिसतो, काळं असेल तिथे झाकला जातो. खालचा फोटो शाबूत राहतो. वर्तुळ चुकलं तर मास्क काढून नवा लावायचा. अशी एक्ससीएफ ठेवली की महिन्याने कुणी "थोडं डावीकडे" म्हणालं तरी पाच मिनिटांचं काम. 'क्रॉप टू सिलेक्शन' मी अगदी शेवटी, एक्स्पोर्टच्या आधी करते, कारण त्याने वर्तुळाभोवतीच्या चौरसाबाहेरचं सगळं जातं.

कडेबद्दल थोडं. 'अँटीएलियासिंग' बंद असेल तर गोलाच्या कडेला पायऱ्या दिसतात, आणि छापल्यावरही त्या डोळ्यांत खुपतात. चालू ठेवलं की कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक होतात आणि रेघ गुळगुळीत वाटते. 'फेदर'ने कड धूसर होते. काहींना ते आवडतं, पण मला चेहऱ्यांभोवती स्पष्ट रेघच हवी होती. मापाचं म्हणाल तर सगळे चौरस 600 पिक्सेलचे केले. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापले की बरोबर 2 इंच.

खरी परीक्षा आजीच्या फोटोची होती. तिचा एकटीचा फोटोच नाही. एका समूहफोटोत ती अगदी उजव्या टोकाला उभी आहे, खांद्यापलीकडे बोटभर भिंत आणि मग फोटो संपतो. चौरसात बसवलेलं वर्तुळ त्या चौरसाचा साधारण 78.5 टक्केच भाग व्यापतं. म्हणजे चेहऱ्याभोवती ऐसपैस जागा लागते, नाहीतर केस आणि खांदे कापले जातात. आजीला मधे ठेवलं की वर्तुळ फोटोच्या बाहेर जात होतं. लहान केलं की ती कोंडल्यासारखी दिसत होती.

शेवटी 'कॅन्व्हास साइझ'ने उजवीकडे जागा वाढवली. कॅन्व्हास वाढला तरी लेयर तेवढाच राहतो आणि नव्या जागेत ब्रश उमटत नाही, म्हणून 'लेयर टू इमेज साइझ' करावं लागलं. मग क्लोन टूल: कंट्रोल दाबून भिंतीवर क्लिक करायचं आणि तिथला तुकडा नव्या जागेत रंगवायचा. पहिल्या प्रयत्नात भिंतीवरचा ओलीचा एक डाग ओळीने तीनदा उमटला. मग दर दोन-चार फटकाऱ्यांनी नमुना वेगळ्या जागेवरून घेत गेले. भिंत जुळली. चेहऱ्याला मी कुठेही हात लावला नाही.

मास्क लावल्यावर लक्षात आलं की आजीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं आहेत. मोठ्या आत्याचा हात. आत्या गोलाबाहेर राहिली आणि हात आत आला. क्लोनने तो पुसता आला असता. बाबांना विचारलं. त्यांनी स्क्रीन जवळ घेतली, बराच वेळ बघत राहिले. "राहू दे तो हात," एवढंच म्हणाले.

आत्याचा फोटोही मग मी त्याच समूहफोटोतून काढला. तक्त्यावर ती आजीच्या खालच्या ओळीत आहे. तिच्या गोलातून एक हात कडेपर्यंत जातो आणि तिथे संपतो, आणि वरच्या गोलात आजीच्या खांद्यावर त्याच हाताची बोटं दिसतात.