आमची वाटचाल : मागाच्या सुट्या भागांपासून दोन पिस्टनच्या लायनरपर्यंत

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत वडिलांनी भाड्याने गाळा घेतला, तेव्हा सोलापूरचा निम्मा संसार मागावर चालत असे. वडील गिरणीच्या वर्कशॉपमधील फिटर; त्यामुळे चादरी आणि टॉवेलच्या यंत्रमागांचे बुश, शाफ्ट आणि गिअर करून देणे हे आमचे पहिले काम. गिरण्या बंद पडत गेल्या, मागांचे कामही आटले आणि मोहोळ, पंढरपूर, बार्शीकडील डिझेल पंपांच्या सिलिंडरांचे बोअरिंग (आतून कातणे), होनिंग (दगडाने घासून गुळगुळीत करणे) व नवे लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बसवणे हाच मुख्य धंदा होऊन बसला. पुढे सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे) आली, जॉबवर्क वाढले. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही; अशी वाटचाल या वसाहतीतील बहुतेक गाळ्यांची आहे.

वेगळे वळण मिळाले ते काही तरुण अभियंत्यांनी आणलेल्या एका ड्रॉइंगमुळे. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, मध्ये ज्वलनाची जागा. सिलिंडरचे तोंड बंद करणारे हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत आणि अर्थातच हेडखालची सीलबंद चकती, म्हणजे हेड गॅस्केटही नाही. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनांत जळालेली गॅस्केट आणि तडकलेली हेड इतकी पाहिली आहेत की, केवळ एवढ्यानेच माझे लक्ष वेधले गेले.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या युंकर्स कंपनीचे युमो २०५ हे विमानाचे डिझेल इंजिन १९३० च्या दशकात याच रचनेवर चालत होते. त्यात सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन होते. ब्रिटिश रेल्वेच्या डेल्टिक लोकोमोटिव्हमध्ये प्रत्येकी १८ सिलिंडरांची आणि ३६ पिस्टनांची दोन इंजिने बसवलेली असत. आपल्या लष्कराच्या विजयंता रणगाड्यातील लेलँड एल ६० हेही त्याच कुळातले. मात्र ब्रिटनच्या चीफ्टन रणगाड्यात ते कुरकुरींसाठीच गाजले. असा इतिहास असलेले इंजिन शेतपंपासाठी नव्याने मांडायचे, तर गुण आणि दोष दोन्ही एकाच टेबलावर ठेवले पाहिजेत.

गुण सरळ आहेत. नेहमीच्या इंजिनात जळणाऱ्या वायूची बरीच उष्णता हेडमधून पाण्यात जाते. येथे ज्वलनाची जागा दोन पिस्टनांच्या डोक्यांमध्येच असल्याने ती उष्णता कामाला लागते. टू-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या (पिस्टनची ये-जा फिरवण्यात बदलणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीला पॉवर मिळते. हवा एका टोकाच्या पोर्टमधून (लायनरच्या भिंतीतील भोकांमधून) आत येते आणि धूर दुसऱ्या टोकाच्या पोर्टमधून बाहेर पडतो, म्हणून सिलिंडर सरळ धुऊन निघतो. दोन पिस्टन विरुद्ध दिशांना धावत असल्याने हादरे एकमेकांना बऱ्याच अंशी मारतात. एक सिलिंडरचा साधा पंप फाउंडेशन बोल्ट सैल होताच कसा नाचतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. प्रत्येक टोकाला एक अशा दोन क्रँक गिअरने जोडण्याचा खर्च टाळण्यासाठी या तरुणांनी रॉकरच्या (मधल्या टेकूवर डुलणाऱ्या दांड्याच्या) साह्याने दोन्ही पिस्टन खालच्या एकाच क्रँकवर आणले होते. १९५४ पासूनच्या कॉमर टीएस ३ या ट्रकच्या इंजिनात हीच युक्ती होती.

खरी कसोटी लायनरची. पिस्टनच्या रिंगा दर फेरीला पोर्टवरून घासत जातात. पोर्टच्या कडेला किंचित बर (धातूची उरलेली बारीक धार) राहिली तरी रिंग अडते आणि तुटते, म्हणून आमचे होनिंग सांभाळणारे मामा प्रत्येक पोर्टची कड आतून हाताने दगड फिरवून मोडतात आणि मग बोट फिरवून खात्री करतात. एक्झॉस्टच्या दोन पोर्टमधील पट्टी तापून आत फुगते, त्यामुळे ती आधीच काही शतांश मिलिमीटर मागे ठेवावी लागते. ड्रॉइंगमध्ये हे नव्हते. लायनरवरच्या घासल्याच्या खुणा पाहून आम्ही ते सुचवले.

दोषही लपवण्यासारखे नाहीत. सिलिंडर धुण्यासाठी बाहेरून हवा द्यावी लागते, म्हणजे ब्लोअर (हवा ढकलणारे यंत्र) आला आणि त्याचा भार इंजिनावर पडतो. पोर्टमधून थोडे वंगण निसटते आणि धुरात जाते. जनरेटरसाठी २०२३ पासून आलेल्या प्रदूषणाच्या कडक निकषांपुढे हा प्रश्न हलका नाही. एक्झॉस्ट बाजूचा पिस्टन तर सतत गरम वायूच्या वाटेवरच असतो.

म्हणून मोटारसायकल किंवा मोटारींसाठी या इंजिनाची स्वप्ने रंगवणे मला पटत नाही. ठरावीक गतीने तासन्‌तास चालणारे पंप आणि जनरेटर ही त्याची जागा आहे. भारनियमनाच्या काळात ऊस जगवणाऱ्याला डिझेलची थोडी बचतही मोलाची वाटते. आम्ही हे इंजिन स्वतः बाजारात आणणार नाही. पोर्ट असलेले लायनर आणि त्यांचे होनिंग एवढीच आमची बाजू. सध्या एक्झॉस्ट बाजूच्या पिस्टनला पोलादी डोके बसवण्याचे काम चालू आहे. त्याचे फिक्स्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारी चौकट) तयार झाले असून, डोके आणि पिस्टनचा खालचा भाग यांच्या जोडावर तेल कसे फिरवायचे, यावर त्या तरुणांचे आणि आमचे अजून एकमत झालेले नाही.