दोरी कामून बांधता, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. दर रविवारी सकाळी पोरांच्या फुटबॉल सामन्याआधी पालकांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, पोरगं आमचं, बूट आमच्या पैशाचे, मग आम्हालाच दोरीमागं कामून उभं करता?" तेव्हा माझ्या एका हातात पहार असते, दुसऱ्या हातात फक्कीची बादली. "मॅच झाल्यावर बोलू भाऊ," म्हणते मी, आणि मॅच झाल्यावर तुम्हाला घरी जायची घाई असते. ते बोलणं राहूनच जातं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जानेवारी महिना, परभणीची थंडी, दहा वर्षांखालच्या पोरांचा सामना. तेव्हा दोरीबिरी काही नव्हती, लोक रेषेला चिकटून, काही तर गोलच्या मागेसुद्धा उभे राहायचे. उजव्या बाजूला खेळणाऱ्या एका मुलाचे वडील रेषेबाहेरून त्याच्यासोबत पळत होते. चेंडू पुढं गेला की तेही पुढं, मागं आला की मागं. "मार! मार की रे! काय करायलास!" पायाशी चेंडू आला की तो मुलगा आधी वडिलांकडं बघायचा, मग चेंडूकडं. तोवर समोरचा पोरगा चेंडू घेऊन गेलेला असायचा. मध्यंतराला तो माझ्याजवळ आला तेव्हा त्याच्या टी-शर्टची कॉलर ओली होती. पाऊण तास त्यानं ती दातात धरून चावली होती. मी विचारलं, "मघाशी डावीकडं दोघं मोकळे होते, तुला कुणाला पास द्यायचा होता?" तो म्हणाला, "बाबा सांगतील त्याला."

पुढच्या रविवारी मी बाजारातून नायलॉनची दोरी आणली.

ते वडील वाईट नव्हते, हे मला इथंच सांगायचंय. गंगाखेडहून चाळीसेक किलोमीटर मोटारसायकलवर यायचे, पोराला मफलर गुंडाळून पुढं बसवून, अंधारात निघून. ज्या माणसाला पोराची पर्वा नाही तो रविवारी एवढ्या पहाटे उठत नाही. म्हणूनच त्यांना नुसतं "गप बसा" म्हणणं मला कधी पटलं नाही.

आपल्याकडं खेळ बघायची सवय कुस्तीच्या फडात लागलेली आहे. जत्रेत हलगी कडाडते, माणसं डाव सांगतात, आरोळ्या देतात, आणि तिथं ते शोभतंही. पण आखाड्यातल्या पैलवानासमोर एकच जण असतो. फुटबॉलमध्ये नऊ वर्षांच्या पोराला एका क्षणात बघावं लागतं की आपला कोण मोकळा आहे, समोरचा कुठून येतोय, मारायचं की थांबायचं. ही नजर तयार व्हायला वर्षं लागतात. ती चुका करतच तयार होते, चुकीचा पास देऊन, चेंडू गमावून, पुन्हा बघून. आपण बाहेरून "मार" म्हटलं की त्याचं बघणंच थांबतं. त्या दिवशी चेंडू कदाचित गोलमध्ये जाईलही, पण त्याच्या डोक्यात काही जमा होत नाही. आणि दहा जण ओरडत असले तरी त्याला त्यातला एकच आवाज नीट ऐकू येतो, आपल्या आईचा किंवा बापाचा. दोरी रेषेपासून दहा पावलं मागं असते ती या आवाजासाठी. तिथून टाळी पोचते, सूचना पोचत नाही.

एका आजोबांनी मला छान अडवलं होतं. निजामाच्या काळातला हैदराबादचा फुटबॉल ऐकत मोठी झालेली ती पिढी. ते म्हणाले, "बाई, १९६२ ला जकार्तात एशियाडच्या फायनलला सगळं स्टेडियम आपल्याविरुद्ध बोंबलत होतं. तरी रहीमसाहेबांच्या टीमनं कोरियाला दोन-एकनं हरवलं. पोरांना गोंगाटाची सवय नको व्हय?" खरं आहे ते. सय्यद अब्दुल रहीम हे आपल्या शेजारच्या हैदराबादचे, सुरुवातीला शाळामास्तर, आणि त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ अशी दोनदा आशियाई सुवर्णपदकं घेतली. पण आजोबा, ते खेळाडू वाढलेले पुरुष होते, आणि ओरडणारे परके होते. परक्याची शिवी अंगावरून जाते. "तुला काही जमत नाही" असं बापानं चारचौघांत म्हटलेलं वाक्य पोरगं मोटारसायकलवर घरापर्यंत घेऊन जातं. आजोबांना हे पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, पण पुढच्या वेळी ते खुर्ची घेऊन दोरीमागं बसले.

दोरीचं दुसरं कारण शिट्टी. आमचे रेफरी म्हणजे इथंच खेळून मोठी झालेली सोळा-सतरा वर्षांची पोरं. एका सामन्याचे शंभर रुपये आणि पोहे. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एकानं थ्रो-इननंतर, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकल्यावर, झालेला गोल दिला. बाहेरून आरडाओरड सुरू झाली, "ऑफसाइड! ऑफसाइड!" आता, ऑफसाइड म्हणजे आपल्या गड्यानं पास देतानाच समोरच्या बचावाच्या पलीकडं, गोलजवळ उभं असणं. थ्रो-इनवर तो नसतोच. कॉर्नरवर नसतो, गोल-किकवरही नसतो. नियमातच तसं आहे आणि त्या पोराचं बरोबर होतं. तरी सामना संपल्यावर एका मोठ्या माणसानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "किती पैसे घेतले रे?" तो काही बोलला नाही. संध्याकाळी माझ्या स्कूटीच्या सीटवर शिट्टी ठेवलेली सापडली, तिची दोरी नीट गुंडाळून. तो परत आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. आई म्हणाली, "मॅडम, अभ्यास आहे त्याला." अभ्यास होताच, पण ते कारण नव्हतं हे तिलाही माहीत होतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात मुलांच्या सामन्यात प्रेक्षकांनी रेषेपासून दूर, आखून दिलेल्या जागेतच उभं राहायचं असं ठरलं. शिव्यांना कंटाळून रेफरी खेळ सोडून जात होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. आमच्या दोरीची कल्पना मी तिथूनच उचलली.

रेफरीच्या हातात किती आहे, हेही तुम्हाला माहीत असावं. २०१९ पासून तो प्रशिक्षकाला, म्हणजे मलासुद्धा, पिवळं किंवा लाल कार्ड दाखवू शकतो. बाकावरून कोण बोललं ते कळलं नाही तर तिथल्या मुख्य प्रशिक्षकालाच कार्ड बसतं. पालकाला मात्र कार्ड नाही. पालकांसाठी त्याच्याकडं एकच गोष्ट उरते, सामना थांबवणं, आणि नाहीच ऐकलं तर बंद करणं. म्हणजे शिक्षा होते ती बावीस पोरांना.

म्हणून आम्ही असं करतो. दोरी एकाच बाजूला, दोन्ही संघांचे पालक त्याच दोरीमागं, प्रशिक्षक आणि पोरं समोरच्या बाजूला. गोलमागं कुणीही नाही, माझा नवराही नाही. प्रत्येक संघाचा एक पालक नारिंगी जाकीट घालतो. कुणाचा आवाज चढला तर आधी तो बोलतो, कारण आपल्याच गावच्या माणसाचं माणूस जास्त ऐकतो. रेफरीला काही विचारायचं असेल तर फक्त कॅप्टन विचारणार, मग तो आठ वर्षांचा का असेना. शिवी आली की शिट्टी वाजते, पोरं मधल्या वर्तुळात बसून पाणी पितात आणि मी दोरीपाशी जाऊन त्या माणसाला बाजूला घेते. चारचौघांत कधीच बोलत नाही. माणसाचा चारचौघांत अपमान झाला की तो हट्टाला पेटतो, आणि मग घरी जाऊन राग पोरावर निघतो. आजवर एकदाच सामना तिथंच संपवावा लागला. ती सगळी पोरं रडत होती, आणि तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

दिवाळीनंतर, काळी जमीन वाळून मैदान खेळण्याजोगं झालं की, पहिल्या सामन्याआधी पालकांची बैठक घेतो, लिंबाखाली, सतरंजीवर. त्यात मी नियम वाचून दाखवत नाही. चेंडू घेते आणि चार बापांना उभं करून ऑफसाइड खेळून दाखवते. अर्ध्या तासात निम्मी भांडणं तिथंच मिटतात. आणि जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो त्याच्या हातात लाइनचा झेंडा देते. गंगाखेडच्या त्या वडिलांना मी असाच झेंडा दिला, त्यांच्या मुलाच्या नाही, दुसऱ्या गटाच्या सामन्याला. चेंडू बाहेर गेला की कुणाचा, एवढंच बघायचं. संपल्यावर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मॅडम, लई अवघड आहे हो. दिसतच नाही नीट." आता ते नियमानं झेंडा धरतात. मुलाच्या सामन्याला दोरीमागं हाताची घडी घालून उभे असतात. एखाद्या वेळी ओठ हलतात, पण आवाज येत नाही.

बैठकीत एक गोष्ट मी हात जोडून मागते. आपल्या पोराआधी दुसऱ्याच्या पोराचं नाव पाठ करा. आमच्याकडं काही मुलं हंगामी वसतिगृहातून येतात. त्यांचे आई-बाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागतानाच परततात. त्यांच्यासाठी दोरीमागं कुणीच नसतं. गेल्या डिसेंबरात त्यातलाच एक गोलमध्ये उभा होता. हातमोजे दोन नंबर मोठे, मनगटाला सुतळीनं बांधलेले. एक जोरदार चेंडू त्यानं छातीवर घेतला आणि त्याच्यावरच आडवा झाला. दोरीमागून एका बाईनं मोठ्यानं त्याचं नाव घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. तो उठला, चेंडू काखेत धरून कितीतरी वेळ तिकडंच बघत राहिला. रेफरीला शिट्टी वाजवून सांगावं लागलं, "अरे, खेळ पुढं."

सामना संपल्यावर तो माझ्याकडं आला. "मॅडम, त्या काकू कोण हायत?"

मी त्याचा हात धरला आणि दोरीपर्यंत घेऊन गेले.