सपाट रणात बघायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी भूशास्त्र शिकवते, दर हिवाळ्यात मुलांना घेऊन कच्छला जाते, आणि परत आले की ठरलेला प्रश्न येतो: "त्या सपाट मिठात बघण्यासारखं आहे तरी काय?"

रण सपाट आहेच. पण मग त्या सपाटीतून पच्छम, खडीर, बेला ही डोंगरी बेटं एका ओळीत कशी वर आली? पच्छमवरचा काळो डुंगर साडेचारशे मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडून चढ हळूहळू येतो आणि खडकाचे थरही त्याच बाजूला कललेले दिसतात. माथ्यावरून उत्तरेला पाहिलं की जमीन एकदम तुटते, खाली थेट रण.

मुलांना मी हे गोधडीवर दाखवते. दोन पाट शेजारी ठेवायचे, वर गोधडी पसरायची आणि एका पाटाची एकच कड उचलायची. गोधडी एकीकडे उतरती होते, दुसरीकडे सरळ खाली पडते. कच्छखाली असेच पाट आहेत. गोंडवन हा प्राचीन महाखंड तुटताना, डायनासोरांच्या काळात, इथली जमीन ताणली गेली, पूर्व-पश्चिम भेगा पडून खचली, समुद्र आत शिरला आणि गाळाचे थर साचले. पुढे भारत आशियाला भिडला, ताणाच्या जागी दाब आला आणि त्याच जुन्या भेगांवरून तुकडे वर सरकू लागले. उचललेली कड म्हणजे ही बेटं. सखल राहिलेला भाग गाळाने भरत गेला, तेच रण आणि बन्नीचं गवताळ मैदान.

हे सरकणं थांबलेलं नाही. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणाच्या वायव्येला ऐंशीएक किलोमीटर लांबीचा, काही मीटर उंचीचा उंचवटा एका दिवसात उभा राहिला. माणसाने बांधलेला नाही, म्हणून लोकांनी त्याला 'अल्लाहबंद' म्हटलं. त्याच्या दक्षिणेला सिंदरीचा किल्ला पाण्यात बसला. १८२६ मध्ये सिंधूच्या पुराने तो बंध फोडून वाट काढली.

मला मात्र २६ जानेवारी २००१ जास्त अस्वस्थ करतो. इतका मोठा भूकंप, हजारो माणसं गेली, पण ज्या भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या ज्या भेगेवर, जमीन सरकली तो पृष्ठभागावर आलाच नाही. भेगा दिसल्या, वाळू-पाणी उसळलं, पण मूळ भ्रंशाची रेघ कुठे उमटली नाही.

म्हणून काळो डुंगरापेक्षा रणाच्या काठावर मी मुलांना जास्त वेळ थांबवते. गुडघ्यांवर बसून, डोळे जमिनीलगत नेऊन पाहायला लावते. उभं राहून न जाणवणारा हातभराचा चढ तेव्हा दिसतो: अलीकडे मीठ, पलीकडे गवत.