दोन पावसाळे उभी राहिलेली गाडी

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली गाडी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगखाली दोन पावसाळे उभीच राहिली. यंदा मार्चमध्ये मी नवी बॅटरी टाकली, वीस-पंचवीस किक मारल्या. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं. एका गॅरेजवाल्याने लांबूनच बघून सांगितलं, "कार्बोरेटर बदला." पटलं नाही. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देतो, पण पेट्रोल नक्की कुठे अडलंय ते न बघता पार्ट कशाला बदलायचा?

प्लग काढला. एवढ्या किक मारूनही तो कोरडा ठणठणीत होता, आणि हेडला टेकवून पाहिला तर ठिणगी निळी, चांगली. म्हणजे सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोचतच नव्हतं. मग कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडली, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू केला. थेंब थेंब. टाकीचं झाकण उघडलं तरी तसंच, म्हणजे झाकणाच्या हवेच्या भोकाचा दोष नाही. कॉक रिझर्व्हला फिरवला तर तेही बंद झालं.

टाकी रिकामी केली तेव्हा उलगडा झाला. काचेच्या बरणीत दहा मिनिटं ठेवल्यावर दोन थर दिसले: वर पिवळट, वार्निशसारख्या वासाचं पेट्रोल आणि तळाशी गढूळ पाणी, त्यात गंजाचा चुरा. पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याला घेऊन खाली बसतं, आणि रिझर्व्हची नळी नेमकी तळाजवळून ओढते. कॉकची जाळी गंजाने लिंपली होती. ते पेट्रोल मी गटारात ओतलं नाही. आमच्याकडचं गटार नंदिनी नदीला जातं आणि नंदिनी गोदावरीला. बंद कॅनमध्ये भरून ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे दिलं. टाकीत दिवसभर व्हिनेगर भरून ठेवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच वाळवली आणि थोड्या पेट्रोलने खळबळून घेतली. वाळवायला उशीर केला तर तासाभरात पुन्हा गंजाचा पिवळा थर चढतो.

नवा कॉक, नवी नळी. कार्बोरेटर खोलला, फ्लोटच्या वाटीत हिरवट चिकट साका होता. क्लीनर मारला, जोडला, आणि गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली! पण चोक (थंड इंजिनला हवा कमी, पेट्रोल जास्त देणारा खटका) काढला की बंद. चोक दिला की चालते. दोन दिवस मी हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू फिरवत बसलो, ते चुकलं. काकांना फोन केला तर म्हणाले, "अरे, स्लो जेट बघितलास का उजेडात धरून? स्क्रूशी खेळू नको."

स्लो जेट म्हणजे इंजिन स्लोवर असताना पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी. जेट काढून आकाशाकडे धरला. भोक असायला हवं तिथे काळोख. भोक केसाएवढं असतं. पितळ मऊ असल्यामुळे त्यात पिन घातली तर ते मोठं होतं, म्हणून रात्रभर क्लीनरमध्ये भिजवला आणि सकाळी पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली. पुन्हा धरला, तेव्हा पलीकडे उजेडाचा ठिपका दिसला. तो ठिपका बघून जो आनंद झाला, तो गाडी सुरू झाल्यावरही झाला नाही.

जोडल्यावर ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकायला लागलं. वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या निडलखाली कचऱ्याचा कण राहिला होता. वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून ताजं पेट्रोल वाहू दिलं, ते थांबलं.

इंजिन स्लोवर, चोकशिवाय टिकलं तेव्हा बाबा गॅलरीत येऊन उभे राहिले. म्हणाले, "रेस नको देऊस, तिला जरा तापू दे."