वसई-नालासोपारा: स्टेशनच्या पुढचं गाव

सकाळी साडेनऊला चर्चगेटहून विरार लोकल धरली. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारात माणसं लटकलेली, आमच्या डब्यात मात्र खिडकी मिळाली. सकाळी विरारकडे आणि संध्याकाळी चर्चगेटकडे, असा बेत ठेवा. दोन्ही वेळा गर्दी उलट्या दिशेला असते. भाईंदर सुटलं की वसईची खाडी लागते, पुढे नायगावची मिठागरं. तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेवा.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरलो. खेटून उभ्या इमारती, खाली क्लासेस, मोबाईल दुरुस्ती, वडापाव. हेच प्राचीन काळातलं शूर्पारक बंदर. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी इथल्या 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडात बौद्ध स्तूप खणला, तेव्हा एकात एक ठेवलेले करंडक निघाले. आत बुद्धाच्या मानल्या गेलेल्या भिक्षापात्राचे तुकडे. आज विटांचा उंचवटा आणि झाडांची सावली आहे. अर्धा तास पुरतो. पाणी सोबत न्या, आणि रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा.

खरी वसई मात्र स्टेशन मागे पडल्यावर, समुद्राच्या बाजूला आहे. निर्मळकडे जाताना इमारती संपल्या आणि केळीच्या बागा सुरू झाल्या. एका वाडीत बावखल पाहिलं: दगडी काठ, हिरवं पाणी, त्यात वाकलेला माड. पावसाचं पाणी साठवून वाडीला शिंपायची ही जुनी सोय. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पलीकडे अजून एक होतं. भरणी टाकून बुजवलं, आता तिथे बिल्डिंग आहे." वर्षानुवर्षं पाणी धरणारे हे खड्डे बुजताहेत याचं मला फार वाईट वाटलं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, गाड्या बंद पडल्या; ते दिवस आजींना नीट आठवतात. बावखल बघायचं तर आधी घरात विचारा. वाडी खाजगी असते, पण विचारलं की माणसं स्वतः दाखवायला येतात.

दुपारनंतर किल्ला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. आत छपरं नसलेली चर्चेस आहेत, भिंतींतून पिंपळ उगवलेत. ऊन उतरल्यावर जा आणि पायात बूट घाला, गवत दाट आहे.

परतताना बाजारात सुकेळी मिळाली. ही पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात. चिवट, मधासारखी गोड. पावसाळ्यात बहुधा मिळत नाही, म्हणून हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जा आणि थोडी जास्तच घ्या. माझी सुकेळी बोरिवली यायच्या आत संपली.