तुम्ही विचारलंत म्हणून: 1603 की 1707?

एक प्रश्न वारंवार येतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1603 मध्ये एक झाले असं कुठे वाचायला मिळतं, कुठे 1707 मध्ये. खरं काय?

दोन्ही सनं बरोबर आहेत. 1603 मध्ये राजा एक झाला, राज्य एक झालं 1707 मध्ये. मधली 104 वर्षं एकाच डोक्यावर दोन मुकुट होते. (आयर्लंडचा मुकुटही त्याच डोक्यावर होता, पण ते राज्य 1801 मध्ये सामील झालं.) संसद, कायदा, चर्च, नाणं सगळं वेगळं. राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेल या सेनानीच्या काळात लष्कराच्या जोरावर एकच संसद बसली, पण 1660 मध्ये राजेशाही परतली आणि ती एकी मोडली.

1603 मध्ये इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. त्याची पणजी मार्गारेट ही इंग्लंडच्या सातव्या हेन्रीची मुलगी. हक्क आला तो तिच्याकडून. त्या काळचा स्कॉटिश कागद वाचताना त्याला ‘पहिला’ समजू नका. स्कॉटलंडचा पहिला जेम्स पंधराव्या शतकातला, निराळाच राजा.

तारखांमध्ये तर जाणकारही फसतात. एलिझाबेथ गेली 24 मार्च 1603 ला, पण इंग्लंडचं कायदेशीर वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू होई. म्हणून तिथल्या कागदांवर तो दिवस 1602 चा, वर्षाचा अगदी शेवटचा दिवस. स्कॉटलंडने 1600 पासूनच 1 जानेवारीला नवं वर्ष धरलं होतं. तेव्हा 1 जानेवारी ते 24 मार्च यातली तारीख दिसली की आधी पाहावं, कागद कुठला आहे. इंग्लंडचा असेल तर सनात एक मिळवा. 1752 पासून ही भानगड संपली.

एकीची सर्वाधिक ओढ खुद्द जेम्सलाच होती. 1604 मध्ये त्याने सोन्याचं ‘युनाइट’ नाणं पाडलं. त्यावर बायबलमधलं लॅटिन वचन आहे, अर्थ असा: ‘मी त्यांना एक राष्ट्र करीन.’ आणि तेच नाणं इंग्लंडमध्ये 20 शिलिंगांचं, म्हणजे एका पौंडाचं, तर स्कॉटलंडमध्ये 12 स्कॉटिश पौंडांचं! नाण्यावर एकी लिहिली होती, हिशोब मात्र दोन. इंग्लंडच्या संसदेने त्याची योजना धुडकावली.

आपल्या ओळखीचा राजा म्हणजे मुंबई आंदण मिळालेला दुसरा चार्ल्स. त्याचा राज्याभिषेक दोनदा झाला: स्कॉटलंडमध्ये स्कोनला 1 जानेवारी 1651 रोजी, इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरला 23 एप्रिल 1661 रोजी. पण राजा सामाईक असून स्कॉटिश व्यापाऱ्याला इंग्लंडच्या वसाहतींची दारं बंदच होती. म्हणून त्यांनी पनामाजवळ डेरियनला स्वतःची वसाहत काढली. ती 1700 पर्यंत पार बुडाली, कितीतरी घराण्यांचा पैसा गेला. आपल्याच राजाने, म्हणजे विल्यमने, इंग्लंडची बाजू घेऊन मदत नाकारली, हे शल्य मोठं होतं.

त्यामुळे 1707 च्या करारात भावनेपेक्षा हिशोब जास्त दिसतो. एकूण 25 कलमं. स्कॉटलंडला संसदेच्या कनिष्ठ सभागृहात (कॉमन्स) 45 जागा, वरिष्ठ सभागृहात (लॉर्ड्स) 16, व्यापार खुला, आणि 3,98,085 पौंड 10 शिलिंग भरपाई. तिचा एक भाग डेरियनमध्ये पोळलेल्या भागधारकांना गेला. स्कॉटिश कायदा आणि न्यायालयं राहिली, ती आजही आहेत. 1 मे 1707 ला करार लागू झाला आणि राणी ॲन ग्रेट ब्रिटनची पहिली राणी ठरली.

क्रमांकांचा वाद मात्र विसाव्या शतकातही पेटला. स्कॉटलंडला पहिली एलिझाबेथ नव्हतीच, मग दुसरी कुठून? 1953 मध्ये एडिंबरात राणी दुसऱ्या एलिझाबेथचा क्रमांक कोरलेली टपालपेटी स्फोटाने उडवली गेली. नंतर तिथल्या नव्या पेट्यांवर फक्त स्कॉटलंडचा मुकुट उमटू लागला. तेव्हा ठरलं की दोन्हीकडच्या क्रमांकांपैकी मोठा असेल तो घ्यायचा. तिसऱ्या चार्ल्सला ही अडचण आली नाही, कारण आधीचे दोघे चार्ल्स दोन्ही देशांचे राजे होते. पुढे त्याचा मुलगा विल्यम त्याच नावाने गादीवर आला तर तो पाचवा म्हणवला जाईल. स्कॉटलंडच्या मोजणीत चौथा.