स्प्रिंगरचा पळणारा झीरो: साडेआठ हजारांचा स्कोप, दोन लाखांचा स्कोप आणि पाऊण मिलिमीटर

माझ्या एअरगनचा झीरो (स्कोपचा नेम आणि पेलेट एकाच जागी जुळणं) एकदाचा थांबला. संध्याकाळी लावला, सकाळी तिथंच. आणि तेही बंदूक मोटरसायकलवरून होटगीच्या पुढच्या शेडपर्यंत हिसके खात आल्यावर. झीरो सरकतो या तक्रारीच्या मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांचा सल्ला एकच होता, की ४-१६×४४ स्कोप (४ ते १६ पट, ४४ मिमी काच) विकून टाक आणि चांगला घे. तर मंडळी, स्कोप राहतोय. माउंट (स्कोप बंदुकीवर धरणारा भाग) गेला.

नव्याने आलेल्यांसाठी दुखणं थोडक्यात. ब्रेक बॅरल स्प्रिंगर (नळी मोडून आतली पिस्टनची स्प्रिंग दाबायची एअरगन), ४.५ मिमी, जेएसबी ८.४४ ग्रेनचे पेलेट (छर्रे), अंतर २५ मीटर. ग्रुप (छिद्रांचा पुंजका) छान पडायचा, रुपयाच्या नाण्यात मावेल असा. पण काही शॉट झाले की अख्खा ग्रुप उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखा सरकायचा. पसरायचा नाही, सरकायचा. ग्रुप पसरला असता तर नळी, पेलेट, माझा हात, कशावरही बोट ठेवता आलं असतं. स्टॉकचे स्क्रू, पिव्होट बोल्ट, ब्रीच सील, स्टॉप पिन हे सगळं मागे तपासून झालं होतं. राहिला स्कोप, नाहीतर सोलापूरचं ऊन. एप्रिलात शेडचा पत्रा तापला की आतलं सगळंच वाकडं वाटायला लागतं.

अशात पुण्याचा मित्र त्याचा ऑस्ट्रियन स्कोप घेऊन आला. किंमत दोन लाखांच्या वर. दोन्ही शेजारी ठेवून काच बघायची, एवढाच बेत होता. माझ्या स्प्रिंगरवर तो चढवू देईना, आणि ते योग्यच. दारूच्या बंदुकीचा धक्का मागे एकाच दिशेने येतो. स्प्रिंगरचा पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन पुढच्या टोकाला हवेवर आपटून थांबला की बंदूक उलट पुढे हिसका मारते. हा पुढचा हिसका सोसायची तयारी भल्या भल्या महागड्या स्कोपांतही नसते. ‘एअरगन रेटेड’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर किंमत बघून स्प्रिंगरवर काहीही चढवू नका.

मग बंदूकच बाजूला ठेवली. जड बाकड्यावर बेंच वाइस, त्यात स्कोप, आणि २५ मीटरवर भिंतीला आलेख कागद. गोळी नाही, श्वास नाही, ट्रिगर नाही. टरेट (स्कोपवरचं नेम जुळवायचं चाक) फिरवायचा आणि रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) कागदावर कुठं जातं ते बघायचं. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक या अंतरावर १.८ मिमी पडतो, म्हणजे ४० क्लिकला ७३ मिमी. माझा साडेआठ हजारांचा गडी ७२ च्या आसपास गेला आणि परत शून्यावर येऊन उभा राहिला. महागडा ०.१ मिलरेडियनचा (कोनाचं दुसरं माप), २५ मीटरवर क्लिकला अडीच मिमी. तोही काटेकोर. दोघेही पास! खरं सांगतो, त्या क्षणी मला हा छंद सोडून कबुतरं पाळावीशी वाटली.

मित्र चहा घेताना सहज म्हणाला, “पण तुझ्या बंदुकीवर टरेट असा मधोमध असतो का रे?”

नसतो. वरच्या टोकाला जवळजवळ टेकलेला असतो.

पुन्हा वाइस. टरेट बंदुकीवर असतो तिथवर वर नेला आणि वाइसच्या जबड्यावर रबरी हातोडीने हलकी टिचकी मारली. रेटिकल उडालं. जवळजवळ सेंटिमीटरभर. पुन्हा टिचकी, पुन्हा तिसरीच जागा. टरेट मधोमध आणून तीच टिचकी मारली तर जागचं हलेना. महागड्यालाही टोकापर्यंत नेऊन टिचक्या दिल्या (मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं होतं). तो ढिम्म.

कारण उमगायला कागदावर चित्र काढावं लागलं. स्कोपच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते, इरेक्टर ट्यूब. टरेटचा स्क्रू तिला एका बाजूने दाबतो आणि समोरून स्प्रिंग तिला त्या स्क्रूवर रेटून धरते. ‘अप’ फिरवत गेलं की स्क्रू वर सरकतो, ट्यूब त्याच्या मागोमाग जाते आणि स्प्रिंग मोकळी होत जाते. टोकाला पोचेपर्यंत तिच्यात दम उरत नाही. मग प्रत्येक शॉटला ट्यूब थोडी डुलते आणि जिथं बसेल तिथं बसते. दोन लाखांत ही स्प्रिंग शेवटच्या क्लिकपर्यंत कडक राहते. काच, कोटिंग, नाव हे सगळं नंतर. माझ्या मते किमतीतला मोठा फरक या न दिसणाऱ्या स्प्रिंगमध्ये आहे, आणि आपण मात्र दुकानात उभे राहून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत बसतो.

आता एवढं ‘अप’ का लागत होतं? एक मोठं कारण ड्रूप. ब्रेक बॅरलची नळी बंद झाल्यावर रिसीव्हरच्या रेषेपेक्षा जराशी खाली झुकलेली असते. उघड्या साइटला त्याचं सुखदुःख नाही, कारण पुढची माशी (नेमाचा उंचवटा) नळीवरच बसलेली असते. स्कोप मात्र रिसीव्हरवर बसतो. टरेट मधोमध आणून मारलं तर पेलेट १९० मिमी खाली पडत होते. २५ मीटरवर १ एमओए म्हणजे ७.३ मिमी, त्या हिशेबाने सुमारे २६ एमओए. टरेटची एकूण चाल ६०, म्हणजे मध्यापासून ३०. त्यातले २६ नळीचा वाक, पेलेटचं खाली येणं आणि स्कोपची नळीवरची उंची भरून काढण्यात संपत होते.

मागच्या रिंगेखाली कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी घालणं हा आपला जुना उपाय. पट्टी साधारण ०.१ मिमी आणि रिंगा १०० मिमी अंतरावर, म्हणजे एका पट्टीला २५ मीटरवर २५ मिमी उचल. मला १९० हवे होते, म्हणजे पाऊण मिमीचा थर. एवढा थर एका रिंगेत कोंबून स्क्रू आवळले तर स्कोपची नळीच वाकणार. एक-दोन पट्ट्यांपर्यंत ठीक, पुढे नाही. तयार ड्रूप माउंट शोधला. एका ऑनलाइन दुकानाने पाठवलेल्यावर उतार नावालाही नव्हता. सरळ कडेची पट्टी ठेवली तर खालून प्रकाशसुद्धा दिसेना. परत करताना वरचा खर्च माझ्याच माथी.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसी. पॉवरलूमचे सुटे भाग करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांना अ‍ॅल्युमिनियमचा रायझर (स्कोपखाली बसणारा ठोकळा) करायला सांगितलं: खाली ११ मिमी डव्हटेलचा (बंदुकीवरच्या तिरक्या कडांच्या रुळाचा) जबडा, वर तसाच डव्हटेल, पण वरचा तिरका. ड्रॉइंगमध्ये मी कोन अंश-मिनिटांत लिहिला होता. त्यांनी कागद बघितला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, “मालक, शंभरला किती उचलायचं तेवढं सांगा की.” पाऊण, म्हटलं. मिलिंगच्या वाइसमध्ये तुकड्याच्या एका टोकाखाली ०.७५ चा फिलर गेज (ठरावीक जाडीची पत्री) सरकवला, जबडा आवळला आणि वरचा माथा सपाट काढला. गेज काढला की उतार तयार. इतकं सोपं आणि इतकं चोख काम मी या छंदात दुसरं पाहिलेलं नाही. माउंटवर छापील ब्रँड हवाच असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा या गल्लीत यावं.

उंच बाजू बटकडे ठेवून रायझर बसवला, रिंगांचे स्क्रू १.८ न्यूटन-मीटरला आवळले, टरेट मधोमध आणला. पहिला पेलेट ठिपक्याच्या बोटभर खाली. थोडे क्लिक, आणि मग फक्त मारत सुटलो. टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्यांनी भरलेली पेटी एकाच जागी खचेपर्यंत ग्रुप हलला नाही.

काचेबद्दल दोन शब्द, कारण मूळ बेत तोच होता. भर दिवसा ८ पटीपर्यंत दोघांत मला फरक सांगता येईना. १२ च्या वर माझा दुधाळतो आणि काळ्या कडेला जांभळी झालर येते. १६ वर डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका पावणेतीन मिमीचा, तेव्हा तिन्हीसांजेला महागडा सरळ जिंकतो. पण दुपारी तापलेल्या रानावरून हवा लहरायला लागली की दोन लाखही लहरतात. आणि एक लक्षात घ्या: शिकारीसाठी केलेल्या बऱ्याच महागड्या युरोपीय स्कोपांचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसणं) १०० मीटरवर कायमचा बांधलेला असतो. ४० मिमी काचेचा असा स्कोप २५ मीटरवर वापरला आणि डोळा कडेला सरकला, तर नुसत्या त्यानेच १५ मिमीपर्यंत चूक होऊ शकते. आपल्या अंतरांना साइड फोकसवाला (अंतरानुसार पॅरॅलॅक्स जुळवता येणारा) स्वस्त स्कोप बरा.

पुढचं काम रायझरला काळं अ‍ॅनोडायझिंग, असं लिहिणार होतो. पण वरचं स्प्रिंगचं लिहिता लिहिता डोक्यात आलं, की बऱ्याच स्कोपांत ही स्प्रिंग एकच असते, दोन्ही टरेटांच्या समोर ४५ अंशात. म्हणजे विंडेज (नेमाची आडवी दुरुस्ती) एका बाजूला फार गेला असेल तर तीच ढिलाई आडव्या दिशेनेही येणार. माझा विंडेज मध्यापासून ११ एमओए उजवीकडे आहे. सध्या त्रास नाही, पण आता ते डोळ्यांत खुपतंय. तेव्हा अ‍ॅनोडायझिंग थांबवलं. रायझरच्या वरच्या डव्हटेलला बाजूनेही उतार द्यायचा तर शंभरला ०.३२ लागतात. मिस्त्रींकडे ०.३० चा फिलर आहे का, ते सोमवारी विचारतो. ते मंगळवारपर्यंत रिकामे असतात, मग लूमवाल्यांची रांग लागते.